तीट

क्लाइपेडा बंदरामागे, मासळीच्या गोदामांना लागून
एक वाहनतळ आहे. त्यावर नजर कॅमेरा नंबर अकराची.
बारा पडद्यांसमोर योलिता रात्रपाळीला बसते.
थर्मासात चहा, पायांत लोकरी मोजे,
हाताशी एक काळी दांडी. जराशी कलवली
की शहर मान वळवतं.

नियम असा, की कुणाच्या घराची खिडकी चौकटीत आली
तर तिच्यावर काळा चौकोन टाकायचा.
अर्विदास तंत्रज्ञानं टाकले,
एकूण चौतीस. पस्तिसावी राहून गेली.
चौथा मजला, स्वयंपाकघर, पडदा नाही.
योलिताला ते पहिल्याच आठवड्यात दिसलं
आणि कळवायचं राहून गेलं.
राहून गेलं, असं ती अजून म्हणते.

खिडकीत एक म्हातारा आणि त्याचा मुलगा.
मुलगा चमच्यानं भरवायचा.
उन्हाळ्यात बिटाचं गुलाबी थंड सूप, वर शेपू;
हनुवटीवर ओघळलेला थेंब
अंगठ्यानं पुसायचा.
आवाज नव्हताच. आवाज तिनं पदरचा घातला:
"आ कर बाबा. हा शेवटचा."
त्या दोघांना तिनं जेवढं बोलायला लावलं
तेवढं ती स्वतःच्या घरी वर्षात बोलली नसेल.

कुणी गाडीची काच फोडली
तर हात आपोआप दांडीवर जायचा.
इथंही जायचा. थोडं जवळ. अजून थोडं.
म्हाताऱ्याच्या बनियनचं भोक दिसेपर्यंत.
त्या भोकाबद्दल तिला माया वाटायची,
आणि माया म्हटली की परवानगी लागत नाही
असं काहीतरी.

जानेवारीत एकदा
मुलानं चमचा भिंतीवर फेकला. मग हात उचलला.
मग पुन्हा.
म्हाताऱ्यानं तोंड उघडंच ठेवलं होतं
पुढच्या घासासाठी.
योलितानं कॅमेरा फिरवला
बर्फावर, गाड्यांच्या पांढऱ्या पाठींवर.
कानाडोळा म्हणतात त्याला. कान तर तिच्याकडे नव्हताच,
नुसता डोळा होता,
तोही वळवला.

मार्चमध्ये म्हातारा पडला. घरात दुसरं कुणी नव्हतं.
टेबलाखालून एक पाय दिसत होता, सपाता निसटलेला.
चार मिनिटं ती त्या पायाकडे बघत राहिली.
फोन करायचा म्हणजे आधी सांगायचं
आपण कुठं बघत होतो.
पाचव्या मिनिटाला ११२ फिरवला.
पत्ता? ठाऊक होता. मजला? ठाऊक होता.
"आणि तुम्ही कोण त्यांच्या?"

म्हातारा वाचला.

आठवड्यानं मुलगा ऑफिसात आला. केस्तास नाव.
पडद्यावरच्यापेक्षा बुटका, आवाज बारीक, घोगरा;
तिनं घातलेला आवाज भलत्याच कुणाचा तरी होता.
आभार मानायला आलाय, असं साहेबांना वाटलं,
त्यांनी कॉफी मागवली.
तो उभाच.
"कधीपासून?" म्हणाला.

"त्या एकाच रात्री," योलिता म्हणाली. "सहज नजर गेली."
त्याचे खांदे सैल पडले.
तिचेही.
मग बसून दोघांनी कॉफी घेतली. साखर समोर होती,
कुणी हात लावला नाही.

आता पस्तिसाव्या खिडकीवरही काळा चौकोन आहे.
दृष्ट लागू नये म्हणून
बाळाच्या गालावर तीट लावतात, तेवढासा.
बाहेरच्या डोळ्यापासून वाचवणारा.
आत चमचा धरलेल्या हाताचं
तो काही करू शकत नाही.

साडेसातला, जेवणाच्या वेळी,
योलिता त्या काळ्याकडे बघते
आणि तिचं तोंड नकळत
थोडंसं उघडतं.